कॅज्युअल्टीत आधी कोणाला बघायचं? ट्रायेजला उभ्या राहणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

रात्रीचा दीड वाजलेला. तिघं एकदम आले. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, मनगट वाकडं झालेलं, जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि मागे बारा-पंधरा जण. कुत्रा चावलेला सात वर्षांचा मुलगा, आईचा हात धरून. आणि बाकावर शाल गुंडाळून बसलेली एक बाई, पोटात दुखतंय म्हणून झोपेतून उठलेली. ड्यूटीवरच्या नव्या सिस्टरने मनगटवाल्याला ट्रॉलीवर घेतलं, मुलाच्या आईला केसपेपर काढायला पाठवलं आणि बाईला म्हणाली, "ताई, बसा जरा, पित्त झालं असेल." बाईच्या पापण्या तेव्हाच अर्ध्यावर उतरल्या होत्या. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली होती. चाळीस मिनिटांनी तिला थुंकी गिळता येईना, तेव्हा धावपळ सुरू झाली. व्हेंटिलेटर मोकळा होता म्हणून ती वाचली. त्यात आमचं कौतुक काही नाही.

त्या रात्री तीन चुका झाल्या आणि गेली अनेक वर्षं मी त्याच तीन चुका बघते आहे. ओरडणाऱ्याकडे आधी धावतो. केसपेपर आधी आणि रुग्ण नंतर, असा क्रम लावतो. आणि एकदा 'बसा' सांगितलं की त्या माणसाकडे पुन्हा बघत नाही. खालचे टप्पे या तीन चुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात, रात्री दोन सिस्टर, एक सीएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर), एक मावशी आणि एक मामा एवढंच मनुष्यबळ असतं हे धरून. तुमच्या रुग्णालयाची लेखी पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा.

## टप्पा १ : ओव्हर घेताना, पहिली पंधरा मिनिटं

ट्रायेज, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवणं, रुग्ण आल्यावर सुरू होत नाही. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेताना फक्त रजिस्टरवर सही केली आणि चहाला गेलात, तर पहिला गंभीर रुग्ण तुमची परीक्षा घेणार.

हात लावून तपासायच्या गोष्टी, याच क्रमाने:

१. ऑक्सिजन. सिलिंडरवर काटा किती आहे ते बघा आणि चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का तेही. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर असतात, म्हणजे मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. रेफर करताना रुग्णवाहिकेत हाच हिशेब करायचा असतो, तो आताच डोक्यात ठेवा.

२. सक्शन. बटण दाबा, नळीच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागते का बघा. नुसता आवाज येतो म्हणजे सक्शन चालू आहे असं नाही.

३. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क, मोठ्यांचा, मुलांचा आणि बाळाचा. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघा. मिणमिणता दिवा म्हणजे बंदच समजा.

४. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र) चार्ज आहे का, आणि ईसीजी मशीनमध्ये कागद आहे का. कागद संपलेलं मशीन हा आपल्याकडचा कायमचा आजार आहे.

५. क्रॅश कार्टमधली (तातडीच्या औषधांच्या गाड्यातली) औषधं. ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियम सल्फेट, झटक्यांचं इंजेक्शन. त्याशिवाय सर्पदंशाची लस (म्हणजे विषावरचा उतारा), आणि कोकणात असाल तर विंचवासाठी प्राझोसिनच्या गोळ्याही.

६. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, आणि कोरडी, स्वच्छ, नवी काचेची टेस्ट ट्यूब. ती का लागते ते पुढे येईलच.

मग सोबतच्या सिस्टरशी एका वाक्यात ठरवा: दारात कोण, आत कोण. दोघीच असाल तर दारातली ट्रायेज करते, आतली लाल बेड, म्हणजे सगळ्यात गंभीर रुग्णांचा बेड, सांभाळते. लाल रुग्ण आला तर दारातली त्याला आत सोडून परत दारात येते. मामाने ट्रॉली कुठे उभी करायची, मावशीने नातेवाइकांना कुठे बसवायचं, हेही आधीच ठरलेलं असावं.

इशारा: पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्युल क्रॅश कार्टच्या ट्रेमध्ये इतर ॲम्प्युलांबरोबर दिसले तर लगेच बाहेर काढा. वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात ठेवा. घाईत हात चुकतो.

## टप्पा २ : दारातली पहिली नजर

रुग्ण दारातून आत येतो तेवढ्या दहा सेकंदांत एकच प्रश्न सोडवायचा आहे: हा माणूस आत्ता, या क्षणी मरणाच्या दारात आहे का? नाव, गाव, आधार कार्ड हे सगळं नंतर.

बघायचा क्रम:

- श्वास. घरघर, शिट्टी, बोलताना दोन शब्दांनंतर दम. किंवा श्वासच नाही.
- रंग. ओठ निळे, चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम.
- शुद्ध. हाक मारली की बघतो का? हाकेला नाही, पण चिमटा काढल्यावर हलतो का? की काहीच नाही?
- वाहतं रक्त, आणि चालू असलेला झटका.

यातलं एकही दिसलं तर ट्रॉली थेट लाल बेडकडे. पुढचा टप्पा बेडवरच होईल.

हाक मारताना रुग्णाला मारा, नातेवाइकांना विचारू नका. "काय झालं काका?" एवढं विचारलं आणि काकांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, तर श्वासनलिका, श्वास आणि मेंदू, तिन्हींची निम्मी तपासणी झाली. मुलगाच सगळं बोलत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा: "दादा, यांनाच बोलू द्या."

तपासा: आत आलेल्या घोळक्यात जो गप्प आहे त्याच्याकडे बघितलंत का? ओरडणाऱ्याची श्वासनलिका मोकळी आहे, हे तो स्वतःच सांगतोय.

## टप्पा ३ : दोन मिनिटांची मोजणी

लाल नसलेल्यांना आता मोजायचं. सहा आकडे: श्वास, नाडी, बीपी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), ताप, आणि संशय असेल तिथे रक्तातली साखर.

सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा श्वासाचा. कुठलाही जुना केसपेपर काढा, दर मिनिटाला २० किंवा १८ लिहिलेलं असतं, मग माणूस दम्याचा असो की पाय मुरगळलेला. घड्याळ धरून किमान अर्धा मिनिट मोजा. नाडी बघतोय असं भासवत हात मनगटावर ठेवा आणि डोळे छातीवर. मोजतोय कळलं की माणसाचा श्वास बदलतो. मूल असेल तर पूर्ण एक मिनिट.

मोठ्या माणसाला आत, लाल किंवा निदान डॉक्टरांच्या नजरेसमोर न्यायचे आकडे:

- श्वास १० पेक्षा कमी किंवा ३० पेक्षा जास्त
- नाडी ५० पेक्षा कमी किंवा १३० पेक्षा जास्त
- वरचं बीपी ९० पेक्षा कमी
- सॅच्युरेशन ९२ पेक्षा कमी. जुना दमेकरी असेल, फुप्फुसं आधीच थकलेली असतील, तर त्याचं नेहमीचं किती असतं ते विचारा
- साखर ७० पेक्षा कमी
- शुद्धीत कुठलाही बदल, मग 'थोडंसं गुंगलंय' इतकाच का असेना

सॅच्युरेशनचं यंत्र फसवतं. नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, थरथरणारा हात. आकडा आणि पडद्यावरची नाडी मनगटाच्या नाडीशी जुळत नसेल तर तो आकडा लिहू नका, बोट बदला. बंद खोलीत शेगडी किंवा धुरात सापडलेल्या माणसाचं सॅच्युरेशन ९९ दिसलं तरी त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड या यंत्राला ओळखता येत नाही.

प्रश्न चारच: काय होतंय, कधीपासून, आधीचे आजार आणि गोळ्या कोणत्या, कशाची ॲलर्जी. बाई असेल तर पाळी कधी आली, हा पाचवा. अर्धांगाचा झटका वाटत असेल तर 'कधीपासून' याचा अर्थ वेगळा. लक्षण कधी दिसलं ते नको, शेवटचे ठीक कधी बघितले ते विचारा. रात्री दहाला ठीक झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर वेळ रात्री दहाची धरायची. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून हा एक प्रश्न पुढचं सगळं ठरवतो.

## टप्पा ४ : रंग द्या

लाल: आत्ता. पिवळा: लवकर, तोवर नजरेसमोर. हिरवा: थांबू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत हे तीन रंग पुरेसे आहेत. मोठ्या ठिकाणी पाच पातळ्या असतात, पण दोन माणसांच्या रात्रपाळीत पाच पातळ्यांवरून वाद घालायला वेळ कोणाकडे असतो? दोन रंगांच्या मध्ये अडकलात तर वरचा द्या. खाली आणणं सोपं असतं.

साधे रुग्ण कोणीही ओळखतं. जीव जातो तो आकडे ठीक आणि माणूस धोक्यात अशांचा. त्यांच्यापाशी थोडं थांबते.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखणं, डोळे जड. चावल्याची खूण बहुतेकदा दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात अशी पोटदुखी आली की पापण्या बघायच्या, मान उशीवरून उचलता येते का बघायचं, आणि एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात ते लिहून ठेवायचं. अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला लावा. २५ वरून १२ वर आला तर श्वासाचे स्नायू हरत आहेत, सॅच्युरेशन अजून ९८ असलं तरी. घोणस आणि फुरसं यांचं उलट: सूज, हिरड्यांतून रक्त. त्यासाठी ती काचेची ट्यूब. २ मिली ताजं रक्त घ्या, २० मिनिटं अजिबात हलवू नका, मग एकदा वाकडी करा. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलं आहे. डिटर्जंटने धुतलेली किंवा प्लास्टिकची ट्यूब खोटं उत्तर देते. आणि रक्त गोठलं म्हणून साप चावलाच नाही असं कधीच म्हणू नका; मण्यार आणि नाग चावल्यावर रक्त नीटच गोठतं.

इशारा: घरून घट्ट दोरी बांधून आणली असेल तर दारातच सोडू नका. डॉक्टर बेडपाशी, सलाइन चालू, लस हाताशी, मगच सोडायची. अडलेलं विष एकदम सुटतं.

विंचू. खूप दुखतंय आणि हात गरम आहेत, तो बहुतेक पिवळा. दुखणं कमी, पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, तो लाल. विशेषतः मूल असेल तर.

विष प्यालेला. कीटकनाशक असेल तर बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, हे ओळखता येतं. फसवतं ते उंदीर मारायचं फॉस्फरसवालं औषध. मुलगी चालत येते, बोलते, हसतेसुद्धा. घरचे म्हणतात थोडंसंच खाल्लं. दोन दिवसांनी यकृत जातं. काय प्यालं ते कळेपर्यंत आणि कळल्यावरही हिरवा रंग नाही. बाटली किंवा पुडी घेऊन यायला कोणाला तरी परत पाठवा. तणनाशक पॅराक्वाट निघालं तर ऑक्सिजन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. त्यात ऑक्सिजनच फुप्फुसांना इजा करतो. लहान मुलाने रॉकेल प्यालं असेल तर उलटी करवू नका, पोट धुवायची घाई नको.

'ॲसिडिटी'. चाळिशीपुढचा माणूस, मधुमेही बाई, जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखणं, जळजळ, घाम, अकारण दम: आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी. काढून मोकळं व्हा, मग पित्ताचं बघू. मधुमेहात छातीत दुखतच नाही कधी कधी.

गरोदर बाई. बीपी १६०/११० किंवा वर, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी, वरच्या पोटात दुखतंय: लाल, झटका यायची वाट बघू नका. अंगावरून रक्त जाणारी कुठलीही गरोदर बाई लाल. पाळी चुकलेली, पोटात दुखून चक्कर आलेली बाई, गर्भनळीतला गर्भ फुटला नाही हे सिद्ध होईपर्यंत लाल.

मूल. मुलाचं बीपी सगळ्यात शेवटी पडतं, म्हणून बीपी ठीक आहे यावर जाऊ नका. नखावर दाब देऊन सोडा, रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले, हातपाय गार, मूल आईकडेही बघत नाही, तर लाल. वजन मोजूनच लिहा. सगळे डोस त्यावर आहेत.

म्हातारं माणूस. बीपीच्या काही गोळ्यांवर असलेल्या आजोबांची नाडी रक्तस्रावातही ८० राहते, गोळी ती वाढूच देत नाही. एरवी १६० असणाऱ्याचं ११० म्हणजे कमीच.

'दारू पिऊन पडलाय.' हे वाक्य उच्चारायच्या आधी साखर तपासा, डोक्यावर हात फिरवून जखम बघा, बाहुल्या बघा. दारूचा वास येतो म्हणून डोक्यातला रक्तस्राव थांबत नाही. असा माणूस कोपऱ्यात झोपवून सकाळी उठेल म्हणून सोडणं ही आपल्या पेशातली सगळ्यात लाजिरवाणी चूक आहे.

कुत्रा चावलेलं मूल. रंग बहुतेक हिरवा किंवा पिवळा. पण थांबू शकतं ते मूल, जखम धुणं नाही. दारातूनच मावशीबरोबर नळावर पाठवा: साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची लावून आणली असेल तर तीही धुवायची. केसपेपर तेवढ्यात बाप काढेल.

## टप्पा ५ : डॉक्टर येईपर्यंत हात रिकामे नकोत

काय करायची मुभा आहे ते वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने लिहून भिंतीवर हवं. तोंडी परवानगी अडचणीच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. साधारण हे सगळीकडे चालतं:

१. श्वासनलिका मोकळी करा, सक्शन करा, बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला डाव्या कुशीवर. अपघात असेल तर मान न वळवता, दोघांनी मिळून.
२. सॅच्युरेशन कमी असेल तर ऑक्सिजन. छातीत दुखतंय पण सॅच्युरेशन ९६ आहे, अशाला ऑक्सिजनचा उपयोग नाही.
३. वाहत्या जखमेवर थेट दाब. गॉज भिजला तर काढू नका, वर दुसरा ठेवा आणि दाबत राहा.
४. सुई लावा आणि त्याच वेळी रक्ताचे नमुने काढा. धडकेत सापडलेल्याला दोन हातांना दोन जाड सुया.
५. बेशुद्ध, झटका आलेला, लकवा वाटणारा, बरळणारा: साखर. प्रत्येक वेळी. साखर ३५ निघालेला 'लकवा' २५ टक्के डेक्स्ट्रोज गेल्यावर उठून चहा मागतो.

कीटकनाशक अंगावर सांडलेल्या रुग्णाचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. आधी स्वतः हातमोजे, ॲप्रन. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. ते पुढे पुरावाही असतात.

## टप्पा ६ : डॉक्टरांना सांगणं

फोनवर असं बोलतो आपण: "सर, एक पेशंट आलाय, जरा सिरियस वाटतंय, येता का?" झोपेतून उठलेल्या माणसाला यातून काय कळणार? 'येतो' म्हणून तो पुन्हा डोळे मिटतो आणि दोष दोघांचा.

असं बोला: "सर, कॅज्युअल्टीतून बोलतेय, लाल बेड दोन. पुरुष, वय ५५, मधुमेह आहे. अर्ध्या तासापासून छातीत दुखतंय, घाम आलाय. बीपी ९०/६०, नाडी ११०, सॅच्युरेशन ९४, साखर २१०. ईसीजी काढलाय, सुई लावली आहे. तुम्ही आत्ता यायला हवं." कोण, काय, आकडे, काय केलं, काय हवं. वीस सेकंद लागतात. फोन केल्याची वेळ लिहा.

तोंडी ऑर्डर मिळाली की परत म्हणून दाखवा: "ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बरोबर?" हो आल्यावरच सिरिंज भरा. रिकामं ॲम्प्युल रुग्ण स्थिर होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवा. काय दिलं हा वाद झाला की ते कामी येतं.

इशारा: इन्सुलिनची वायल ४० ची की १०० ची ते वाचा आणि सिरिंज त्याच जोडीची घ्या. लाल टोपी ४० ला, केशरी टोपी १०० ला. जोडी चुकली तर डोस अडीच पट होतो किंवा अडीच पट कमी पडतो.

## टप्पा ७ : पुन्हा बघा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. रंग त्या क्षणाचा असतो. पिवळ्यांना दर १५ ते ३० मिनिटांनी, हिरव्यांना तासाभराने. फार काही करायचं नाही: जवळ जा, हाक मारा, श्वास मोजा, नाडी बघा, वेळ घालून लिहा. 'तसंच आहे' हेही लिहायचं.

मी एक साधी युक्ती वापरते. हिरव्यांना दरवाजासमोरच्या बाकावर बसवते, व्हरांड्याच्या टोकाला नाही. येता-जाता दिसतात. आणि प्रत्येकाला सांगते: "दुखणं वाढलं, चक्कर आली, दम लागला, तर रांग सोडून थेट माझ्याकडे या." हे नातेवाइकांना सांगितलं की 'आमच्याकडे कोणी बघत नाही' ही तक्रारही निम्म्याने कमी होते.

तपासा: बाकावरचा कोणी झोपी गेलाय का? रात्री तीनला डुलकी लागणं आणि शुद्ध जाणं लांबून सारखंच दिसतं.

## टप्पा ८ : स्वतःला सांभाळा

सुई. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई कापून थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हा डबा बेडपाशी हवा, खोलीच्या पलीकडे नको. टोचलीच तर दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, इन्चार्जना सांगा, नोंद करा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर फायदा नाही. कोर्स २८ दिवसांचा. 'ड्यूटी संपल्यावर बघू' म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. रुग्णासाठी धावणारी सिस्टर स्वतःच्या बोटासाठी आठ तास थांबते.

नातेवाईक. रुग्णामागे एकच जण आत, बाकी बाहेर, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगा; तणाव वाढल्यावर सांगितलेला नियम हुकूम वाटतो. तुमच्यामागे दरवाजा मोकळा राहील असं उभं राहा. कात्री, ट्रे, सलाइनचा स्टँड चिडलेल्या माणसाच्या हाताशी नको. मृत्यूची बातमी सिस्टरने एकटीने व्हरांड्यात देऊ नये. डॉक्टर, बसायची जागा आणि सुरक्षारक्षक सोबत असावा. आवाज चढला की बाहेर पडा आणि मदत बोलवा. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार रुग्णालयामार्फत आणि लेखी द्या.

'साहेबांचा फोन' हा वेगळा प्रकार. पाय मुरगळलेल्या कार्यकर्त्याला आधी बघा म्हणून फोन येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: "हो साहेब, बघतोय. आत एकाला झटके येत आहेत, तो झाला की लगेच." खरं सांगितलं की बहुतेक साहेब फोन ठेवतात.

## टप्पा ९ : नोंद आणि एमएलसी

उपचार आधी, पोलीस नंतर. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलं आहे, तरी अजून 'आधी पोलीस कागद आणा' ऐकू येतं. अपघात, मारहाण, भाजणं, विष, संशयास्पद मृत्यू: सीएमओंना सांगा, एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णाची) नोंद आणि पोलिसांना कळवणं उपचारांच्या बरोबरीने चालू द्या.

कपडे कापताना भोसकल्याच्या भोकातून किंवा गोळीच्या छिद्रातून कात्री नेऊ नका, शिवणीवरून कापा. पोटातून काढलेलं पहिलं पाणी बाटलीत, लेबल आणि सही करून. लैंगिक अत्याचार झालेली मुलगी आली तर व्हरांड्यात एक शब्द विचारू नका. पडद्याआड न्या, सोबत महिला कर्मचारी, आणि तिचा जीव धोक्यात नसेल तर तपासणीआधी अंग धुवू देऊ नका.

लिहिताना 'रुग्ण बरा' असं लिहू नका. वेळ, आकडे, काय केलं, कोणाला सांगितलं. चूक झाली तर एक रेघ मारून सही करा. व्हाइटनर लावलेला केसपेपर कोर्टात तुमच्याच विरोधात बोलतो.

## टप्पा १० : एकदम वीस जण आले तर

एसटी उलटली, ऊसतोडीच्या मजुरांची ट्रॉली पलटली. १०८ वरून किंवा पोलिसांकडून आधी फोन आला तर किती जण आणि किती वेळात, एवढंच विचारा. लगेच सीएमओंना सांगा, वॉर्डांतून जास्तीच्या सिस्टर बोलवा, हिरवे रुग्ण कॅज्युअल्टीबाहेर हलवा.

आता नियम बदलतो. एरवी सर्वात गंभीर आधी. इथे वाचू शकणारा गंभीर आधी. दारात एकच जण रंग देतो आणि उपचार करत नाही. हे पाळणं फार जड जातं, पण रंग देणाऱ्याने टाके घालायला घेतले की मागचे पंधरा तसेच राहतात.

१. "चालता येतं ते सगळे त्या भिंतीकडे चला." चालले ते हिरवे.
२. उरलेल्यांत श्वास नाही? हनुवटी उचलून श्वासनलिका मोकळी करा. तरीही नाही, तर काळा, म्हणजे वाचण्याची आशा नसलेला. मूल असेल आणि नाडी लागत असेल तर पाच श्वास देऊन बघा. श्वास आला तर लाल.
३. श्वास ३० पेक्षा जास्त: लाल.
४. मनगटाची नाडी लागत नाही किंवा नखाचा रंग दोन सेकंदांत परत येत नाही: लाल.
५. "माझा हात दाबा." दाबला नाही तर लाल, दाबला तर पिवळा.

प्रत्येकाला जास्तीत जास्त अर्धा मिनिट. मध्ये फक्त दोन गोष्टींना थांबायचं: श्वासनलिका मोकळी करणं आणि उसळणारं रक्त दाबणं, तेही दुसऱ्याच्या हाती देऊन पुढे सरकायचं. रांग संपली की पहिल्यापासून पुन्हा; हिरव्यांच्या भिंतीपाशी कोणी तरी बसकण मारलेलं असतं. रंगाची पट्टी मनगटाला बांधा, शर्टाला नको. शर्ट पाच मिनिटांत कापला जाणार आहे.